पार कॅनचा बल्ब पाचशे वॅटवरून हजारवर नेला आणि होल्डर पुन्हा पुन्हा जळायला लागला: दोष कुठे शोधायचा?

"दादा, तीन नंबर परत गेला."

नेरुळच्या एका हॉलमधून आलेला हा तिसरा फोन. तीन नंबर म्हणजे स्टेजच्या बारवरचा तिसरा पार कॅन, डब्यासारखा लाईट. पहिल्या वेळी मी म्हटलं, बल्ब खराब निघाला असेल. दुसऱ्या वेळी म्हटलं, होल्डर बदलून टाक. तिसऱ्या फोनला मात्र सरळ गाडी काढली, कारण या खेपेला तीन नंबरबरोबर सातही गेला होता, आणि सातचा होल्डर आदल्याच महिन्यात नवाकोरा घातलेला होता.

ठाणे-नवी मुंबईत एकांकिका, शाळांची गॅदरिंगं आणि सोसायट्यांचे कार्यक्रम यांची प्रकाशयोजना करताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता एकदा नीट लिहूनच ठेवतो. तक्रार साधारण अशी: लाईट जास्त वॅटचे केले, पहिला प्रयोग झकास झाला, आणि मग दर दोन-तीन प्रयोगांनी काहीतरी जळतं. कधी बल्ब, कधी होल्डर, कधी थ्री पिन. कधी नुसताच एमसीबी (जास्त करंट गेला की लाईन तोडणारा स्विच) पडतो, तोही नेमका शेवटच्या प्रवेशात.

नेरुळची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दोन बारवर सहा-सहा असे बारा पार ६४ कॅन. सहा चॅनलचे दोन डिमर पॅक (उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेट्या, चॅनल म्हणजे त्यांची एकेक वाट), प्रत्येक चॅनल १० अँपियरचा, आणि प्रत्येक चॅनलवर वाय जोड देऊन दोन-दोन कॅन जोडलेले. तसं बघितलं तर सहाच चॅनल लागायचे, पण तारा कमी फिरवाव्या लागाव्यात म्हणून दोन्ही पॅक तीन-तीन चॅनलवर चालत होते. आधी बल्ब ५०० वॅटचे होते. दिग्दर्शक म्हणाला चेहरे दिसत नाहीत, म्हणून सगळे १००० चे घातले. कॅनच्या पाठीवर 'कमाल १००० वॅट' असा शिक्का होता. बल्बचा पाया दोन्हीकडे तोच, जीएक्स १६ डी, म्हणजे दोन जाड चपट्या पिना. बल्ब बसला, लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरी फसगत इथेच होते. बल्ब बसला याचा अर्थ एवढाच, की पिनांचं माप जुळलं. मागची तार, टॉप, वाय जोड, चॅनल, पॅकची मुख्य तार, डीबीतला (वीजवाटपाच्या पेटीतला) एमसीबी, यांतल्या कुणालाही बल्बने विचारलेलं नसतं.

होल्डरपासून सुरू करू, कारण लोक तिथेच थांबतात आणि तिथेच चुकतात.

तीन नंबरचा बल्ब मी ओढून काढला. ओढून म्हणतोय, पण खरं तर तो हातात आपसूक आला. चांगल्या होल्डरमधून पारचा बल्ब काढायला जोर लागतो, आतल्या पितळी पट्ट्या पिनांना घट्ट धरून ठेवतात. इथे पट्ट्या निळसर-काळ्या पडून सैल झालेल्या होत्या, आणि बल्बच्या एका पिनेवर मोहरीएवढे खड्डे पडले होते. म्हणजे आत ठिणगी चालू होती. कान दिला असता तर बारीक चरचर ऐकू आली असती, पण गॅदरिंगच्या हॉलमध्ये कान कोण देणार?

आता गणित. २३० व्होल्टवर ५०० वॅटचा बल्ब सुमारे २.२ अँपियर घेतो, १००० चा ४.३. करंट दुप्पट. पण सैल सांध्यात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. समजा त्या सैल पट्टीचा रोध ०.२ ओहम झालाय. पाचशेच्या बल्बला तिथे साधारण एक वॅट उष्णता व्हायची, हजारच्या बल्बला पावणेचार वॅट होते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपली साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, आणि इथे चार वॅट नखाएवढ्या पट्टीत कोंडलेत, तेही आधीच भट्टीसारख्या तापलेल्या कॅनमध्ये. पट्टी तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की पकड सुटते, पकड सुटली की रोध वाढतो, आणि पट्टी अजून तापते. पाचशेच्या बल्बवर हाच सैल होल्डर दहा वर्षं गपचूप चालला असता.

आपल्याकडे यात खाडीची भर. पावसाळ्यात चार महिने गोडाऊनमध्ये पडलेल्या कॅनच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर येतो. ऐरोली, वाशी, कळवा, सगळीकडे हवा तीच. गणपतीच्या आधी कॅन बाहेर काढताना बल्ब नसताना होल्डरमध्ये टॉर्च मारून बघा, एवढंच म्हणतो.

पण सात नंबर का गेला? होल्डर नवा, तार नवी. मी वायरमन काकांना विचारलं, "काका, सातमध्ये कुठला बल्ब घातला होता?" ते म्हणाले, "तीनमधला काढून घातला की. बल्ब चालू होता, टाकायचा कशाला? हजार रुपड्यांची वस्तू."

हेच ते. हा रोग संसर्गाचा आहे. जळक्या होल्डरमध्ये नवा बल्ब घातला की बल्बच्या पिना जळतात. त्या जळक्या पिनांचा बल्ब दुसऱ्या चांगल्या होल्डरमध्ये गेला की खड्ड्यांमुळे तिथे सांधा नीट बसत नाही आणि तो होल्डरही जळतो. मग त्यात पुन्हा नवा बल्ब. सहा महिन्यांत अख्खा बार आजारी. त्यामुळे पिन काळी आणि खड्डे पडलेली दिसली, तर बल्ब आणि होल्डर दोन्ही एकदमच बाद करायचे, बल्ब लागत असला तरी. पॉलिश पेपरने घासायचं नाही. मीही पूर्वी घासायचो. घासल्यावर वरचा चकचकीत मुलामा जातो, दोन प्रयोग बरे जातात आणि तिसऱ्याला आधीपेक्षा वाईट जळतं.

होल्डर बदलताना मागच्या तारेकडेही बघाच. तीन नंबरमध्ये कुणीतरी कधीतरी घरातली साधी पीव्हीसीची तार घातली होती. ती वाकवली तर वरचं आवरण पापडासारखं तुटून हातात आलं. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं, पार कॅनच्या पाठीमागे त्याचा निभाव लागत नाही. तिथे सिलिकॉनची तार लागते, १८० अंशांची, वर काचधाग्याची नळी. आणि जोड डाग देऊन करायचा नाही. आपलं नेहमीचं कथील-शिशाचं डाग १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, मग भर प्रयोगात तार सुटून कॅनच्या अंगाला लागते. लग (धातूचं टोक) घालून क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, आणि जोडपट्टी लागलीच तर चिनीमातीची. अर्थची तार फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसलीच तर ती शेवटी तुटेल. खूप जुने कॅन असतील आणि आत पांढरी, कापसासारखी भुसभुशीत गुंडाळी दिसली, तर ती ॲस्बेस्टॉस असू शकते. तिला हात लावू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. तो कॅन बाजूला ठेवून द्या.

आणखी एक गोष्ट, जी फक्त शिडीवर चढल्यावर दिसते. नेरुळच्या पाच कॅनच्या मागच्या भोकांवर काळी टेप लावलेली होती. पडद्यामागे उजेड गळतो म्हणून. ती भोकं उजेड गळायला नाही, हवा खेळायला दिलेली असतात. हॅलोजन बल्बच्या काचेला तापमान हवंच असतं, पण पिना जिथे काचेत शिरतात तो सांधा ३५० अंशांच्या वर गेला की आतली मॉलिब्डेनमची पातळ पट्टी गंजते आणि बल्ब तारेसकट नीट असूनही मरतो. काढून बघितलं तर फिलामेंट शाबूत! "फिलामेंट तुटलं नाही तरी बल्ब लागत नाही," अशी तक्रार आली की मी आधी पाठीमागची टेप शोधतो.

होल्डरचं झालं. आता खाली उतरू.

वाय जोड. एका चॅनलवर दोन कॅन, म्हणजे आता २००० वॅट, ८.७ अँपियर. चॅनल १० अँपियरचा, म्हणजे कागदावर बसतं. पण वाय जोडाच्या टोकाला होता ६ अँपियरचा थ्री पिन टॉप, तोच जो आपण टेबलफॅनला लावतो. पाचशेच्या जमान्यात त्यातून ४.३ जायचे, काही बिघडत नव्हतं. आता त्याच्यातून ८.७ जात होते. टॉप उघडला तर आतला स्क्रू तपकिरी, प्लॅस्टिक मऊ होऊन पिन तिरकी झालेली. जोडाच्या आधी, म्हणजे जिथून दोघांचा करंट एकत्र जातो तिथे, १६ अँपियरचा टॉप आणि सॉकेट हवा. याला काही पर्याय नाही.

तारही तशीच निघाली. पॅकपासून बारपर्यंत सुमारे ३० मीटर, १ चौरस मिमीची. जाण्यायेण्याचा रोध धरून ८.७ अँपियरला तिच्यातच सुमारे १० व्होल्ट जातात. मी सगळे फेडर (उजेड कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर करून मोजलं, तर डीबीवर २२६ आणि होल्डरपाशी २१३. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने कमी-जास्त होतो. २३० च्या बल्बला २१३ दिले की जवळपास पाव उजेड गेला. दिग्दर्शक म्हणत होता, "हजारचे घातले तरी म्हणावा तसा उठाव नाही," ते खोटं नव्हतं. २.५ चौरस मिमीची तार घातल्यावर ती १० व्होल्टची गळती ४ च्या आसपास आली. तार मुळात जाड असती तर कदाचित सगळेच्या सगळे बल्ब बदलायची वेळ आली नसती.

इथे मोजण्याबद्दल दोन शब्द. क्लॅम्प मीटर अख्ख्या थ्री कोअर केबलभोवती लावला तर शून्यच दाखवेल, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. एकच फेजची तार वेगळी काढलेला हातभर तुकडा बनवून ठेवा, मोजणी त्याच्यावर करा. आणि डिमर अर्ध्यावर असताना विजेची लाट कापलेली असते, तेव्हा साधा मीटर वाटेल ते आकडे देतो. कापलेली लाटही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटर वापरा, नाहीतर फेडर पूर्ण वर करूनच मोजा.

मग एमसीबी. हा भाग सगळ्यात धोक्याचा आहे, कारण इथला उपाय सगळ्यांना 'माहीत' असतो.

दोन्ही पॅक मिळून एका फेजवर, ४० अँपियरच्या एमसीबीवर होते. बारा हजार वॅट म्हणजे ५२ अँपियर, मर्यादेच्या १.३ पट. एमसीबीची गंमत अशी, की १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. मधला पट्टा बेभरवशाचा. शिवाय हे आकडे ३० अंशांच्या हवेतले. मे महिन्यात विंगेतल्या बंद पत्र्याच्या डीबीत ३० अंश कुठून आणणार? म्हणून कधी मध्यंतराआधी पडायचा, कधी मध्यंतरानंतर, आणि थंडीत पडायचाच नाही. लोकांना वाटायचं, एमसीबी खराब आहे.

वायरमन काकांनी लोहार चाळीच्या बाजारातून ६३ अँपियरचा आणूनही ठेवला होता. मी म्हटलं, "काका, हा घातला तर एमसीबी पडणार नाही हे खरं. पण भिंतीतली तार कितीची आहे?" तार होती ६ चौरस मिमीची, पाईपातली. तिला ४० अँपियरच झेपतात. एमसीबी मोठा केला तर आग रोखणारा माणूसच आपण घरी पाठवला म्हणायचं. फ्यूजमध्ये दोन पदरी तार घालणारेही हेच करतात.

योग्य उपाय वेगळा होता. हॉलला थ्री फेज जोडणी होतीच. परवानाधारक ठेकेदाराकडून दुसऱ्या पॅकला दुसरी फेज, स्वतंत्र न्यूट्रल आणि स्वतःचा एमसीबी ओढून घेतला. आता प्रत्येकी २६ अँपियर. न्यूट्रल स्वतंत्र का, तर डिमर लाट कापतात आणि त्यातून तयार होणारे तिसऱ्या पटीचे (मूळ लाटेच्या तिप्पट वारंवारतेचे) करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना न खाता बेरजेत जातात. तीन फेजवर डिमर वाटून एकच बारीक न्यूट्रल दिली तर कधी कधी फेज थंड आणि न्यूट्रल गरम, असा प्रकार सापडतो. आणि सामाईक न्यूट्रल ढिली होऊन सुटली तर २३० चे लाईट दोन फेजच्या मध्ये, ४१५ व्होल्टवर, अडकतात. हे मी मांडवात एकदा बघितलंय. चार बल्ब फटाक्यांसारखे गेले. साऊंडवाल्याचा मिक्सर वेगळा, ते भांडण अजून चालू आहे.

वॅट वाढवण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भारही वाचा. सहा किलोवॅट लाईट वाढले आणि वर एसी चालू असेल, तर प्रश्न तुमच्या डीबीच्या बाहेर जातो.

हे सगळं झाल्यावर बल्ब चढवायचे. पॅकचा मुख्य स्विच बंद, आणि टॉपही सॉकेटमधून उपसलेला. फेडर खाली ओढला म्हणजे लाईन बंद झाली असं समजू नका; डिमरचा ट्रायॅक, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद असतानाही थोडा करंट गळू देतो आणि तो झटका शिडीवरून पाडायला पुरतो. पारची काच गार व्हायला वीस मिनिटं द्या. सीलबंद पारला बोट लागलं तर काही होत नाही, पण फ्रेनेल किंवा प्रोफाईलच्या (भिंग लावलेल्या लाईटच्या) उघड्या क्वार्ट्झ बल्बला बोटाचं तेल लागलं तर तिथे काच पांढरी पडून फुगते. कापडाने धरा, हात लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पारचा झोत लंबगोल असतो, म्हणून बल्ब बसवल्यावर मागून फिरवून झोत आडवा-उभा बघून घ्या. सेफ्टीची साखळी परत अडकवा. लटकत्या राहिलेल्या साखळ्या मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

मग सगळं अर्धा तास पूर्ण तेजावर ठेवा. बंद करा, टॉप उपसा आणि त्याची पाठ हातात धरा. कोमट चालेल. धरवत नसेल तर तो बाद. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकाकत्या धातूवर नेम धरू नका, तो आकडा कमी सांगतो; काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. कॅनच्या तोंडावरचा रंगीत जिलेटिन पेपरही याच वेळी बघा. गडद निळा पाचशेवर महिनाभर टिकला असेल, हजारवर एका तालमीत मध्यभागी पांढरा होतो. लांब तोंडाच्या कॅनमध्ये तो बल्बपासून दूर असल्याने जरा तगतो, आखूड तोंडाच्या कॅनमध्ये वाळवंट. वरची कापडी झालर आणि कॅनमधलं अंतरही पुन्हा बघा. पाचशेला जे पुरत होतं ते हजारला पुरेलच असं नाही.

प्रयोगाआधी दहा मिनिटं सगळे फेडर पाच-सात टक्क्यांवर ठेवायची सवय लावा. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहावा-पंधरावा हिस्सा असतो, त्यामुळे ब्लॅकआऊटमधून एकदम पूर्ण तेजावर मारलं की क्षणभर दहापटीच्या पुढे करंट जातो. एमसीबी 'उगाच' पडण्याचं हे दुसरं कारण, आणि बल्ब बहुतेक वेळा नेमका ब्लॅकआऊटनंतर जाण्याचंही.

बाकीच्या लाईटबद्दल थोडक्यात. पेटीसारख्या हॅलोजनमध्ये ३०० आणि ५०० च्या नळ्या सारख्याच लांबीच्या, ११८ मिमी. त्यामुळे ३०० च्या पत्र्याच्या पेटीत ५०० ची नळी बिनतक्रार बसते आणि पेटी जळते. १००० ची १८९ मिमी असते, ती बसतच नाही, हे आपलं नशीब. छोट्या फ्रेनेलमध्ये ५०० आणि ६५० चा पाया एकच. तिथे पाठीवरचा शिक्का वाचल्याशिवाय ६५० घालू नका, आणि फिलामेंटची उंची जुन्या बल्बइतकीच आहे का ते पाहा. ती चुकली तर वॅट वाढूनही झोत मळकट पडतो. एलईडी पार आणणार असाल तर तो डिमरच्या चॅनलवर लावू नका, सरळ सप्लायवर लावा. आणि गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे, अशा नाट्यगृहात गेलात तर तिथल्या लाईटमध्ये आपले बल्ब घालायचा विचार मनातही आणू नका. तिथल्या माणसाला विचारा, तो तुमच्यापेक्षा आधीपासून तिथे आहे.

खरं तर माझं ऐकलं असतं तर नेरुळमध्ये बाराही हजारचे झाले नसते. उजेड दुप्पट केला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही. सहा मीटरवरचा कॅन सव्वाचार मीटरवर आणला तर बल्ब न बदलता तेवढाच फरक पडतो. वाईडऐवजी (रुंद झोताच्याऐवजी) मीडियम झोताचा बल्ब घातला तरी मध्यावर उजेड चढतो. आम्ही शेवटी पुढच्या बारवरचे सहाही कॅन हजारचेच ठेवले, मागचे परत पाचशेवर आणले आणि पुढच्या काचा पुसल्या. फडकं काळं झालं. दिग्दर्शकाला मागचे बदललेले कळले नाहीत, मीही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात नेरुळहून पुन्हा फोन आला. मी आधीच गाडीची किल्ली शोधायला लागलो. काकांना एवढंच विचारायचं होतं, की तो ६३ चा एमसीबी दुकानदार परत घेईल का.